गरिबी मोजायला निघालेल्या आलिमाबाई

आलिमाबाई तांबोळी यांचं मराठी ऐकून फोनवरची माणसं फसायची. गॅसची नोंदणी असो की बँकेतली चौकशी, बाईंचं "आपण अंमळ थांबाल का" ऐकलं की पलीकडचा माणूस सावरून बसायचा. शेवटी नाव विचारलं जायचं आणि बाई पूर्ण नाव सांगायच्या. मग पलीकडून ठरलेलं वाक्य, "मराठी फार छान बोलता हो तुम्ही."

"तुमचंही बरं आहे," बाई म्हणायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या.

हे मराठी त्यांनी खळीच्या वासात कमावलं होतं. वडील शमशुद्दीन यांचं अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळात पुस्तकबांधणीचं दुकान होतं. बांधायला आलेलं पुस्तक गिऱ्हाइकाकडे परत जाण्याआधी आलिमा ते वाचून काढायची. पुस्तक जाडजूड असलं की गिऱ्हाइकाला एखादा हेलपाटा जास्तीचा पडे. "खळ वाळली नाही अजून," शमशुद्दीन शांतपणे सांगत. खळ केव्हाच वाळलेली असे. मुलगी शेवटच्या प्रकरणात असे.

पुढे डी.एड. करून त्या महापालिकेच्या शाळेत लागल्या आणि बदल्या होत होत वारज्याच्या शाळेत चौथीच्या वर्गावर स्थिरावल्या. नवरा कासिम पिंपरीला एका कारखान्यात होता. नव्याण्णव साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली. त्यात स्वेच्छा नेमकी कोणाची होती, हे कासिमभाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. घरी बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला तो पुन्हा सोडला नाही, आणि बाईंनीही मागितला नाही. घरात दोघं एकमेकांशी दखनी बोलत. भांडण मात्र मराठीत होई, कारण बाईंना ते जिंकायचं असे.

बाईंना स्वतःच्या एका विद्येचा मोठा अभिमान होता. "पोर वर्गाच्या दारातून आत आलं की मी सांगते, घरची परिस्थिती काय आहे ते," असं त्या शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता सांगत. केसांना तेल आहे का, बटणं शाबूत आहेत का, नखं कशी आहेत, एवढं त्यांना पुरे. या विद्येची परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती, त्यामुळे ती कधी चुकलीही नव्हती.

तसा गरिबी मोजण्याशी त्यांचा पहिला संबंध तिसरीत असतानाच आला होता. गरीब विद्यार्थ्यांसाठी म्हणून शाळेत पुस्तकांचे संच आले होते आणि गुरुजींनी वर्गात विचारलं, "कोणकोण गरीब आहे? हात वर करा." बाकीची मुलं एकमेकांकडे बघत राहिली. आलिमाचा हात मात्र गुरुजींचं वाक्य संपायच्या आत वर गेला होता. प्रश्न कुठलाही असो, तिचा हात आधी वर जात असे. संच घेऊन ती उड्या मारत घरी आली. शमशुद्दीननी एक पुस्तक हातात घेतलं, उघडलं, पाठ दाबून बघितली आणि म्हणाले, "शिलाई कच्ची आहे." दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी सगळी पुस्तकं नव्याने बांधली आणि स्वतः नेऊन गुरुजींच्या टेबलावर ठेवली. "ज्याला लागतील त्याला द्या. आता चार वर्षं हलणार नाहीत." आई अमिनाबी यांनी या प्रकारानंतर आठवडाभर नवऱ्याशी अबोला धरला, कारण तीच पुस्तकं आता विकत घ्यावी लागणार होती.

आता दोन हजार सहा सालाकडे येऊ. वारजे तेव्हा महिन्यामहिन्याला उंच होत होतं. हायवेच्या कडेला इमारती उठत होत्या आणि त्यांना नावं अशी देत होते, की रिक्षावाल्याला तीनदा सांगावी लागत. त्या बांधायला परभणीहून, हिंगोलीहून, नांदेडकडून माणसं आली होती. ती कालव्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहत आणि त्यांची मुलं बाईंच्या शाळेत येत. इमारतीत राहायला येणारे हिंजवडीला कामाला जात. त्यांची मुलं पिवळ्या बसने भलतीकडेच कुठेतरी जात.

शाळेचे मुख्याध्यापक उत्तरेश्वर गुट्टे हे मूळचे बीडकडचे. कुठल्याही प्रश्नाला "बघू" एवढंच उत्तर देऊन अख्खी नोकरी निभावलेले गृहस्थ. जुलैतल्या एका दुपारी त्यांनी शिक्षकांना बोलावलं. हिंजवडीची एक कंपनी दर शनिवारी गरीब मुलांना आपल्या इमारतीत नेऊन कॉम्प्युटर शिकवणार होती. शिवाय बूट आणि दप्तर. न्यायला-आणायला एसी बस.

"बस एकच आहे," गुट्टेसर म्हणाले. "म्हणून फक्त गरीब मुलं न्यायची आहेत."

"सर, आपल्याकडे दुसरी कुठली येतात?" बाईंनी विचारलं.

"तसं नाही, तांबोळीबाई. त्यांना मोजलेली गरीब हवी आहेत."

मोजायला आला तो साईप्रसाद. त्याला सगळे साई म्हणत. कर्वेनगरचा मुलगा, इंजिनिअर, दीड वर्ष टेक्सासला राहून आलेला. स्वभावाने लाघवी, खांद्याला लॅपटॉपची काळी बॅग. तिकडच्या सरकारी शाळांत किती मुलं गरीब आहेत हे कसं मोजतात, ते वाचून त्याने स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता.

"मॅडम, बेसिकली तिकडे प्रत्येक डिस्ट्रिक्टचा डेटा असतो," त्याने बाईंना समजावलं. "कुठल्या शाळेत किती टक्के मुलं पुअर आहेत, एका क्लिकवर."

"आणि क्लिक केल्यावर ती कमी होतात?"

"नाही. म्हणजे, कळतं."

"बरं," बाई म्हणाल्या. पुण्यात या शब्दाचे बरेच अर्थ होतात. टेक्सासला राहून आल्यामुळे साईला त्यातला एकच आठवत होता.

प्रोग्राम सोपा होता. घरी जायचं आणि विचारायचं. भिंती कशाच्या, गॅस आहे का, पंखा, खुर्ची, दुचाकी, टीव्ही. प्रत्येक वस्तूला गुण. गुण एका रेषेच्या खाली राहिले तर मूल गरीब, वर गेले तर नाही. सगळ्यात जास्त गुण टीव्हीला होते.

"एवढ्या उठाठेवीची गरज नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गातली गरीब मुलं मी इथे बसून सांगते."

"सांगा ना मॅडम. नंतर कंपेअर करू. तुमचा अंदाज आणि माझा स्कोअर."

बाईंनी डोळे अर्धवट मिटून नावं सांगितली. पहिलंच नाव माऊलीचं, सेंटरिंगचं काम करणाऱ्या कोंडीरामच्या मुलाचं. त्याच्या शर्टाला बटणांच्या जागी दोन सेफ्टीपिना होत्या. सोनूच्या नावापाशी येऊन बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "ही नको. हिची वेणी बघितलीत? रिबिनीलासुद्धा इस्त्री असते. खातंपितं घर आहे." साईने बाईंच्या यादीतून सोनूचं नाव वगळलं. घरं मात्र सगळ्यांचीच बघायची होती.

गुट्टेसरांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगून टाकलं, की उद्यापासून कंपनीचे साहेब आणि तांबोळीबाई घरोघरी येणार आहेत, टीव्ही-पंखा बघणार आहेत, तेव्हा पालकांनी घरी थांबावं. पालक घरी थांबावेत एवढाच त्यांचा हेतू होता. पण शाळा सुटून तासभर व्हायच्या आत वस्तीला सगळं कळलं होतं, प्रोग्रामातल्या गुणांसकट.

पहिलं घर कोंडीरामचं. दाराशी सडा, आत दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकीचा हात तुटलेला होता आणि तारेने बांधलेला होता. निळ्या फुलांच्या कपबशीत चहा आला. साईने लॅपटॉप मांडीवर उघडला.

"टीव्ही आहे का?"

"न्हाई, साहेब."

"मग ही केबल कसली आलीय वरून?"

कोंडीरामने छताकडे असं बघितलं, की जणू ती केबल आत्ताच उगवली. "ती व्हय. आमच्या आधी जे ऱ्हायचे ना, त्यांची."

फळीवर एक चौकोन तेवढा धुळीवाचून स्वच्छ होता. बाईंनी तो बघितला आणि बशीत चहा ओतला.

दुसऱ्या घरी बसताना बाईंच्या कोपराला तीच तार टोचली. कपावरची निळी फुलंही ओळखीची निघाली. तिसऱ्या घरी घरधनीण त्यांना दारातच थांबवून सासूच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिली. मागच्या दाराने काहीतरी सरपटत आत आल्याचा आवाज झाला तेव्हा म्हणाली, "या की आत, बसा." साई आणि बाई पुढच्या गल्लीने जात होते आणि खुर्च्या मागच्या गल्लीने.

"इंटरेस्टिंग आहे, मॅडम," साई चौथ्या घराबाहेर म्हणाला. "टीव्ही कोणाकडेच नाही, पण प्रत्येक घरी बरोबर दोन खुर्च्या. एकदम युनिफॉर्म."

बाईंना एव्हाना उलगडलं होतं. वस्तीला कंपनीपुढे गरीब दिसायचं होतं आणि बाईंना जमिनीवर बसवायचं नव्हतं. टीव्ही दडवणारे आणि खुर्च्या उसन्या आणणारे हात तेच होते. खुर्चीचे गुण आपल्या विरुद्ध जातात हेही त्या हातांना ठाऊक होतं. टीव्ही कुठे गेले असतील हे मात्र बाईंना कळत नव्हतं.

सोनूचं घर खरं तर दुसऱ्या दिवसावर ठेवलं होतं. पण साईला दुसऱ्या दिवशी मीटिंग निघाली, म्हणून तो म्हणाला, "मॅडम, एवढं एक आजच उरकू." त्यामुळे या घरी वर्दी पोचली नव्हती. सोनूचा बाप बद्रीनाथ फरश्या बसवायला गेला होता. दार सोनूनेच उघडलं आणि उघडल्याबरोबर ती पुन्हा लावायला लागली. बाई तोवर आत आल्या होत्या.

खोलीच्या मागच्या भिंतीला आणखी एक भिंत उभी होती. तिच्यावर गोधडी घातलेली होती, आणि गोधडीवर पातेली मांडून ठेवलेली. गोधडीच्या खालून काचा चमकत होत्या. लहान, मोठे, एक लाकडी खोक्याचा जुनाट. त्यांच्यापुढे तिघांना आडवं होता येईल एवढीच जागा उरली होती.

सोनूची आई द्वारका चुलीपाशी उभी राहिली.

"हे काय आहे?" साईने विचारलं.

"टीव्ही."

"कोणाचे?"

द्वारकाने बाईंकडे बघितलं. मग दाराबाहेर बघितलं. तिथे चार शेजारणी एकाएकी कपडे वाळत घालायला जमल्या होत्या. आभाळ भरून आलेलं होतं.

"आमचेच हायेत," ती म्हणाली.

"सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे."

"इतके कशाला, द्वारकाबाई?"

"बघायला."

साईने मोजायला सुरुवात केली. प्रोग्राममध्ये टीव्हीच्या जागी एकच अंक बसत होता, कारण टेक्सासला बसून लिहिताना याहून जास्त लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. मोजणी पुढे गेली होती, पण त्याने बसेल तो सगळ्यात मोठा अंक टाकला, नऊ. पुढचा प्रश्न विजेचा होता.

"वीज न्हाई," द्वारका म्हणाली. "शेजारून तार घेतल्ती. बिलाचं जमंना म्हणून त्यांनी काढली."

वीज नसलेल्या घरात नऊ टीव्ही. प्रोग्रामने काही हरकत घेतली नाही.

खुर्च्या पोचल्या नव्हत्या. त्या दिवसात बाई पहिल्यांदा जमिनीवर बसल्या. द्वारकाने बिनदुधाचा चहा स्टीलच्या पेल्यात दिला. बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "सोनूच्या गणवेशाला इस्त्री कुठे करता?"

"मी पोळ्या लाटाया जाते ना सोसायटीत, त्या वैनींची हाय. त्यांचे कपडे झाले की त्याच गरमीत हिचा ड्रेस उरकून घेते. तेल बी त्याच देतात थोडं." द्वारका जरा हसली. "बाई बघतात म्हणती ही. नीट ऱ्हावं लागतं."

बाई पेल्यात बघत राहिल्या. ज्या वेणीवरून त्यांनी घर ओळखलं होतं, ती वेणी त्यांच्यासाठीच घातली जात होती.

बाहेर पडल्यावर हळूहळू सगळा उलगडा झाला. टीव्ही ठेवायला वस्तीने बद्रीनाथचं घर निवडलं, कारण जागा तिथेच होती. आणि जागा होती, कारण घरात दुसरं काही नव्हतं. त्यात बद्रीनाथला नाही म्हणता येत नसे. मुकादमापासून मांजरापर्यंत कोणालाही त्याने आजवर नाही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी कासिमभाईंनी वांग्याचं कालवण वाढलं आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. बाईंची ती विद्या त्यांनी बरीच वर्षं सोसली होती. "म्हणजे तुझा अंदाज साफ चुकला," ते म्हणाले, आणि तेही मराठीत.

"चुकला."

एवढ्या लवकर कबुली येईल असं न वाटल्याने ते गडबडले. "मग त्या पोराला खरं काय ते सांगून टाक."

"सांगितलं तर अख्खी वस्ती खोटारडी ठरते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सोनू बसमध्ये चढत नाही."

"मग काय करणार?"

"कालवणात मीठ कमी आहे, अहो," बाई म्हणाल्या. याचा अर्थ त्या विचार करत होत्या.

साईचा निकाल आठवडाभरात आला. त्यात कालव्याकाठच्या मुलांमध्ये सगळ्यात सधन घर सोनूचं होतं. बाईंनी गुट्टेसरांना सांगून शनिवारी पालकसभा बोलावली. साईलाही यायला सांगितलं. वर्ग भरला. बद्रीनाथ मागच्या बाजूला, बाकावर न बसता भिंतीशी उभा होता. बाई फळा पुसायच्या फडक्याने हात पुसत पुढे आल्या.

"एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या सोनूचे वडील बद्रीनाथ यांच्याकडे नऊ टीव्ही आहेत, असं कंपनीच्या संगणकाला आढळून आलं आहे. संगणक चुकत नाही, असं साईसाहेब सांगतात. ते सगळे आपलेच आहेत, असं द्वारकाबाईंनीही माझ्यासमोर सांगितलं. एवढे सधन पालक या शाळेला आजवर लाभले नव्हते. म्हणून शाळेची त्यांना विनंती आहे, की घरी एक ठेवून बाकीचे त्यांनी वर्गावर्गांत लावायला द्यावेत. सोमवारी टेंपो येईल. बद्रीनाथ, आपली हरकत नाही ना?"

बद्रीनाथने हात जोडले. "बाई म्हणत्यात तर न्या," तो म्हणाला.

वर्गात चुळबुळ सुरू झाली. गुट्टेसर "बघू" म्हणायला उठले आणि बाईंकडे बघून परत बसले. मग कोंडीराम उभा राहिला.

"बाई, एक बोलू का? त्यातला एक माझ्या मेव्हण्याचा हाय."

"मेव्हण्याचा?"

"म्हणजे, मेव्हण्यानं दिलेला. माझाच."

मग मागून एक बाई म्हणाली, रंगीत आहे तो तिचा. दुसरी म्हणाली, रंगीत तर माझाही आहे. लाकडी खोक्याचा कोणाचा यावर दोन भाऊ आपसात भांडायला लागले, कारण तो दोघांनाही नको होता. पाच-दहा मिनिटांत सगळ्या टीव्हींना मालक मिळाले आणि बद्रीनाथकडे एकही उरला नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने कपाळ पुसलं. द्वारका पदराआड हसत होती. साई फळ्यापाशी उभा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थोड्या वेळाने तोही हसायला लागला आणि लॅपटॉप उघडून तिथेच बाकावर बसला.

त्या संध्याकाळी टीव्ही डोक्यावरून आपापल्या घरी गेले. आणि साईने दुरुस्त केलेले आकडे मोजले तेव्हा प्रोग्रामने सांगितलं, की प्रत्येक घरी टीव्ही असल्यामुळे वस्तीत गरीब कोणी नाही, फक्त सोनू आहे.

एसी बस आणि त्यात एकटी सोनू. आपण किती हुशारीने गुंता सोडवला याचा बाईंना जो आनंद झाला होता, तो रविवारी दुपारपर्यंत टिकला. सोमवारी माऊली वर्गात आला आणि बाईंकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसला. सेफ्टीपिना तशाच होत्या. त्याच्या बापाकडे मेव्हण्याने दिलेला टीव्ही होता, म्हणून त्याचे बूट गेले होते. वस्तीत त्या दोन-तीन दिवसांत बाईंविषयी जे बोललं गेलं, ते काही फार शुद्ध मराठीत नव्हतं. बाईंच्या कानावर ते आलं, आणि त्यांना ते खोडून काढावंसंही वाटलं नाही. एकीला आत घेण्याच्या नादात बाकीची सगळी बाहेर राहतील, हा विचारच त्यांनी केला नव्हता.

मधल्या सुट्टीत त्यांनी साईला फोन लावला. गॅस-बँकेच्या कामाशिवाय त्या आपणहून कोणाला फोन करत नसत.

"माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. "तुमचा प्रोग्रामही चुकला. आता पुढे काय करायचं, ते मला खरोखरच कळत नाही."

बाईंच्या तोंडून असं वाक्य क्वचितच येतं, हे साईलाही एव्हाना समजलं होतं.

"मॅडम, मी विचार करत होतो," तो म्हणाला. "टीव्हीचा क्वेश्चन काढून टाकू का? टीव्ही आता सगळ्यांकडेच असतो."

"आणि त्याऐवजी काय घालाल?"

"कोर्स कॉम्प्युटरचा आहे ना? मग घरी कॉम्प्युटर आहे का, एवढंच विचारू. नसला तर त्या मुलाला गरज आहे. लॉजिकल आहे, मॅडम."

बाईंनी सवयीप्रमाणे त्यात खोट शोधून बघितली आणि त्यांना ती सापडली नाही. "तसं असेल तर मीही गरीब ठरते," त्या म्हणाल्या. "गुट्टेसरही."

"तुम्हाला बसमध्ये घेऊ की, मॅडम."

नव्या प्रश्नाने शाळेतली सगळी मुलं गरीब निघाली. शंभर टक्के. साईच्या साहेबांना हा आकडा फार आवडला. अर्धवट टक्क्यांपेक्षा तो सभेत दाखवायला बरा दिसतो, असं ते म्हणाले. अडचण एकच, बस अजूनही एकच होती. तेव्हा पाळ्या लावल्या. दर शनिवारी एक वर्ग. म्हणजे बसमध्ये मावणाऱ्या चाळीस मुलांना दर आठवड्याला जे मिळणार होतं, ते आता सगळ्यांना महिन्या-दीड महिन्याने मिळायला लागलं. बूट सगळ्यांना आले, दप्तरं कमी पडली. हे बरोबर झालं की चूक, यावर बाई आणि कासिमभाई अनेकदा भांडले. या एका भांडणात बाई कधीच धड जिंकल्या नाहीत.

बस दोन वर्षं चालली. मग मंदी आली आणि कंपनीने आधी मुलांच्या जेवणातले गुलाबजाम बंद केले आणि नंतर बस. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. पण चौथीच्या पहिल्या फेरीचं सांगायचं राहिलं.

त्या शनिवारी बाई मुलांबरोबर गेल्या. बसमधल्या गारव्याने मुलं कुडकुडायला लागली. चांदणी चौकात माऊलीला उलटी झाली, आणि बाईंनी आपला पदर ओला करून त्याचं तोंड पुसलं. त्यानंतर तो त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागला. हिंजवडीला काचेच्या इमारतीत मुलांनी कॉम्प्युटरवर आपापली नावं लिहिली. मग साई सगळ्यांना कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायला घेऊन गेला. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं हातात ताटं घेऊन रांगेत उभी होती. ताटात पनीर होतं, भात होता, दोन गुलाबजाम होते.

सोनू बाईंच्या शेजारी बसली. समोर साई. तिने आधी ताटाकडे बघितलं, मग रांगेकडे.

"हे सगळं फुकट आहे?" तिने साईला विचारलं.

"हो. फ्री आहे."

"आमच्यापुरतं?"

"नाही गं, सगळ्यांनाच. आम्हालापण रोज फ्रीच असतं."

सोनूने त्या लांबलचक रांगेवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग बाईंच्या कानाशी वाकून, साईला वाईट वाटू नये अशा बेताने हळूच म्हणाली, "बाई, हे सगळेच गरीब आहेत का?"

बाईंनी त्या माणसांकडे बघितलं. तेल, बटणं, नखं, सगळं जागच्या जागी होतं.

"घरी जाऊन बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

सोनूने मान डोलावली. मग आपल्या ताटातला एक गुलाबजाम उचलून तिने साईच्या ताटात ठेवला आणि जेवायला लागली.